गोठलेली नदी, वादळी तळं आणि माफीचा हिशेब

एक सिनेमा १९२० सालचा, दुसरा १९२७ सालचा. दोन्ही मूक, कृष्णधवल आणि दोन्हीत रडारड भरपूर. पण शेजारी शेजारी ठेवून बघितले, की दोघांमधून एकच प्रश्न पुढे येतो. माफी कुणाला मिळते आणि त्यासाठी कुणाला किती किंमत मोजावी लागते? शंभर वर्षांपूर्वीच्या या दोन मेलोड्रामांची ही जोडगोळी.

'ए, एवढा मेलोड्रामा नको करूस हं!' हे वाक्य या आठवड्यात तुम्ही एकदा तरी ऐकलं असेल, नाहीतर कुणाला तरी ऐकवलं असेल. ब्रेकअपनंतर तीन दिवस न जेवणारा मित्र असो, नाहीतर गॅदरिंगच्या नाटकातून काढल्यावर कॅन्टीनमध्ये मुसमुसणारी मैत्रीण असो. मेलोड्रामा म्हणजे अति, खोटं, बटबटीत असं आपण धरूनच चालतो. आई-मावशीच्या पिढीनं 'माहेरची साडी' बघताना रुमाल भिजवले, हे आपण घरात चेष्टेनं सांगतो.

पण हा शब्द मुळात शिवी नाही. ग्रीक भाषेत 'मेलोस' म्हणजे गाणं किंवा सुरावट. त्याला 'ड्रामा' जोडला की झाला मेलोड्रामा, म्हणजे संगीताच्या साथीनं चालणारं नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रं स्वतः गातात. युरोपातल्या जुन्या मेलोड्रामात मात्र पात्रं बोलायची आणि त्यांच्या दुःखाखाली, भीतीखाली वाद्यवृंद वाजत राहायचा. आता मूकपटांचा विचार करा. पडद्यावर आवाज नाही आणि पडद्यासमोर कुणीतरी पियानो वाजवतंय, मोठं थिएटर असेल तर अख्खा ऑर्केस्ट्रा बसलाय. शब्दाच्या अगदी मूळ अर्थानं मूकपट हा मेलोड्रामाच होता.

मग तो बघायचा कुठून सुरू करून? आपल्याकडून करावं म्हटलं तर पंचाईत होते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि पुढच्या दोन दशकांत भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यातले आज हाताशी उरलेत ते अगदी थोडे आणि त्यातलेही काही तुकड्यातुकड्यांत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) तर गावातल्या शेतकऱ्याची आणि सावकाराची गोष्ट सांगणारा. त्यात तरुण व्ही. शांताराम होते. त्याच्याबद्दल आपण फक्त वाचू शकतो. म्हणून आज जरा लांब, अमेरिकेत जाऊ. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'वे डाउन ईस्ट' आणि एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'सनराइज'. दोन्ही शाबूत आहेत आणि दोन्ही तुमच्या मोबाइलवर सापडतील.

(सूचना : पुढे दोन्ही सिनेमांचे शेवट सांगितले आहेत. शंभर वर्षं थांबलात तेवढं पुरे!)

अ‍ॅनाची गोष्ट

'वे डाउन ईस्ट'ची नायिका अ‍ॅना मूर. न्यू इंग्लंडमधल्या लहानशा गावातली गरीब, साधी मुलगी. घरी आई आणि ती, दोघीच. पैशांची ओढाताण झाली म्हणून आई तिला बॉस्टनच्या श्रीमंत नातेवाइकांकडे मदत मागायला पाठवते. तिथे तिला भेटतो लेनॉक्स सँडरसन. कपडे झकास, बोलणं गोड, खिसा भरलेला आणि काम काहीच नाही. तो तिला लग्नाचं वचन देतो आणि लग्न लावतोही. पण ते लग्नच खोटं असतं. धर्मगुरू भाडोत्री, साक्षीदार भाडोत्री. 'वडिलांना कळलं तर माझे पैसे बंद होतील, कुणाला सांगू नकोस,' एवढं तो तिच्या गळी उतरवतो. ती गरोदर राहते तेव्हा तो खरं काय ते सांगतो आणि हात झटकून मोकळा होतो.

आई वारते. अ‍ॅना परक्या गावात, एका भाड्याच्या खोलीत बाळाला जन्म देते. बाळ आजारी पडतं. बाप्तिस्मा न झालेलं मूल गेलं तर त्याचं काय होणार, या भीतीनं ती स्वतःच पाणी घेऊन त्याचा बाप्तिस्मा करते. बाळ तिच्या हातातच जातं. नवऱ्याचा पत्ता नाही हे बघून घरमालकीण तिला बाहेर काढते. पायपीट करत ती पोचते बार्टलेट कुटुंबाच्या शेतघरी. तिथे कामाला लागते. घरातला मुलगा डेव्हिड तिच्यावर जीव लावतो. आणि शेजारच्या इस्टेटीचा मालक कोण निघतो? सँडरसन!

योगायोग अति झाला, असं वाटलं ना? मूळ नाटक लॉटी ब्लेअर पार्कर यांचं. १८९०च्या दशकातलं आणि रंगभूमीवर तुफान चाललेलं. ग्रिफिथनं त्याचे हक्क १ लाख ७५ हजार डॉलरला घेतले, तेव्हा ते जुनाट वाटायला लागलं होतं. खुद्द अ‍ॅनाचं काम करणाऱ्या लिलियन गिशनं आत्मचरित्रात लिहिलंय, की नाटक वाचताना हसू आवरत नव्हतं आणि दिग्दर्शकाचं डोकं फिरलंय की काय, असं सगळ्यांना मनातून वाटलं होतं. मग सिनेमा लागला आणि मूकपटांच्या काळातल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या सिनेमांत जाऊन बसला.

नाव नसलेली माणसं

'सनराइज'मध्ये कुणाला नावच नाही. तो आहे 'पुरुष', ती 'बायको' आणि तिसरी 'शहरातली बाई'. तळ्याकाठचं गाव. एका शेतकऱ्याच्या घरात बायको आणि तान्हं मूल. सुट्टीवर आलेल्या शहरी बाईच्या नादाला तो लागलाय. शेत सावकारांच्या घशात चाललंय, घरात बोलणं बंद आहे. एका रात्री चंद्रप्रकाशातल्या दलदलीत ती बाई त्याला सुचवते, बायकोला होडीतून ने आणि बुडव. अपघात झाला म्हणून सांग. तू लव्हाळ्याच्या जुड्यांना धरून तरंगत काठाला ये, मग शेत विकून आपण शहरात जाऊ.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला होडीतून फिरायला नेतो. ती बिचारी खूश, कितीतरी दिवसांनी नवरा आपल्याशी धड वागतोय. घरचा कुत्रा साखळी तोडून, पोहत पोहत होडीमागे येतो. त्याला परत बांधायला नवऱ्याला होडी मागे न्यावी लागते. हा प्रसंग बघताना पोटात गोळा येतो, कारण कुत्र्याला जे कळलंय ते तिला अजून कळलेलं नाही. मग तळ्याच्या मध्यावर तो उठून उभा राहतो. ती हात जोडते. आणि त्याचे हात गळतात. त्याच्याच्यानं होत नाही.

इथवर सिनेमा अर्धाही झालेला नसतो. काठाला लागताच ती पळत सुटते आणि जंगलातून येणारी ट्राम पकडते. तोही मागोमाग चढतो. ट्राम दोघांना घेऊन शहरात पोचते. पुढचा मोठा भाग म्हणजे या दोघांचा शहरातला एक दिवस. रडण्यापासून हसण्यापर्यंतचा. परतताना खरंच वादळ येतं. होडी उलटते आणि जिला मारायचं होतं तिला वाचवण्यासाठी तो त्याच लव्हाळ्याच्या जुड्या तिच्या अंगाला बांधतो.

कथा कार्ल मायरनं हेर्मान झुडरमानच्या एका जर्मन कथेवरून पटकथेत बांधली. मूळ कथेत शेवटी नवरा बुडतो आणि बायको वाचते. सिनेमात दोघंही वाचतात आणि नावाप्रमाणे सूर्य उगवतो. हा बदल लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

पाणी खरं आणि पाणी मनातलं

दोन्ही सिनेमांचा कळस पाण्यावर आहे. पण दोन्ही दिग्दर्शक त्या पाण्याकडे अगदी वेगळ्या वाटांनी जातात.

ग्रिफिथचं पाणी खरंखुरं. अ‍ॅनाचा भूतकाळ उघडा पडल्यावर डेव्हिडचे वडील, स्क्वायर बार्टलेट, तिला हिमवादळात घराबाहेर काढतात. ती धडपडत नदीवर पोचते, शुद्ध हरपून बर्फाच्या लादीवर पडते. नदीचा बर्फ फुटायला लागलेला असतो. लादी प्रवाहात वाहायला लागते. पुढे धबधबा, मागे डेव्हिड एका लादीवरून दुसऱ्या लादीवर उड्या मारत येतोय. हे दृश्य अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, व्हाइट रिव्हर जंक्शनजवळ गोठवणाऱ्या थंडीत चित्रित झालं. व्हीएफएक्स नाही, स्टुडिओतली टाकी नाही. लिलियन गिश खऱ्या बर्फावर झोपली होती. आपला हात आणि केस पाण्यात लोंबकळत ठेवायची कल्पनाही तिचीच. त्या हाताचा त्रास तिला पुढे आयुष्यभर जाणवत राहिला, असं तिनं लिहिलंय. हिमवादळाचे शॉट्स तर न्यूयॉर्क राज्यातल्या मॅमरोनेकला खऱ्या वादळात घेतले. तिच्या पापण्यांवर साचलेला बर्फ मेकअपचा नाही.

यातली गंमत बघा. त्या नदीवर तो धबधबा नव्हताच! धबधब्याची दृश्यं दुसरीकडची, मधे मधे कापून जोडलेली. अ‍ॅना, डेव्हिड, धबधबा, पुन्हा अ‍ॅना. प्रत्येक वेळी तुकडा आखूड होत जातो आणि आपण खुर्चीच्या टोकाला सरकत जातो. आज मॅचच्या शेवटच्या ओव्हरचं रील एडिट करताना तुम्ही जे करता, तेच.

मुर्नाऊ मात्र जर्मनीहून आलेला. तिथे तो आणि त्याचे सहकारी सगळं जग स्टुडिओत उभारायचे. फॉक्स कंपनीनं त्याला हॉलीवूडला बोलावून हात मोकळा सोडला. गावाचा सेट त्यानं कॅलिफोर्नियातल्या लेक अ‍ॅरोहेडच्या काठी बांधला आणि शहर स्टुडिओच्या आवारात. ते शहर प्रत्यक्षापेक्षा मोठं वाटावं म्हणून मागच्या इमारती मुद्दाम लहान केल्या आणि त्यांच्याजवळून चालायला कमी उंचीची माणसं ठेवली. दलदलीच्या दृश्यात कॅमेरा छताला टांगलेल्या रुळांवरून, झाडाझुडपांतून, त्या माणसाच्या मागे मागे तरंगत जातो. खुनाचा विचार डोक्यात असताना जॉर्ज ओ'ब्रायन पाय ओढत, वाकून चालतो. ते ओझं दिसावं म्हणून त्याच्या बुटांत शिशाचं वजन घातलं होतं.

थोडक्यात, ग्रिफिथ नटीला खऱ्या बर्फावर झोपवतो, तर मुर्नाऊ नटाच्या मनातलं ओझं त्याच्या बुटांत भरतो. तुम्हाला धडधड हवी असेल तर पहिला सिनेमा. एखाद्याच्या डोक्यात शिरायचं असेल तर दुसरा.

गाव चांगलं, शहर वाईट?

हे समीकरण आपल्याला अगदी पाठ आहे. गावातला साधा मुलगा शहरात जातो आणि बिघडतो. दोन्ही सिनेमांत संकट शहराकडूनच येतं. एकात बॉस्टनचा श्रीमंत पोरगा, दुसऱ्यात सिगरेट ओढणारी, आखूड केसांची बाई.

पण पुढे काय होतं ते बघा. 'वे डाउन ईस्ट'मध्ये अ‍ॅनाला फसवतो शहरी माणूस, घराबाहेर काढतं मात्र गाव. मार्था पर्किन्स नावाची गावातली एक चोंबडी बाई आहे. अ‍ॅनाची जुनी घरमालकीण तिला भेटते, बाळाची गोष्ट तिच्या कानावर घालते आणि मार्था ती बातमी घेऊन थेट स्क्वायरच्या घराकडे सुटते. बर्फातून तुरुतुरु चालणारी मार्था ग्रिफिथनं विनोदी दाखवलीय. थिएटरमध्ये लोक हसले असतील. पण जरा विचार करा, ती करतेय काय? एका मुलीच्या सगळ्यात वाईट काळाचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतेय. पूर्ण गोष्ट माहीत नाही, विचारायची गरज वाटत नाही आणि शिवाय 'मी तर भल्यासाठीच सांगितलं.' तुमच्या कॉलेजमध्ये असं कुणी आठवलं? मलाही आठवलं.

'सनराइज'मध्ये उलटं होतं. ज्या शहरातून संकट आलं तेच शहर नवरा-बायकोला परत जोडतं. ट्राम, कॅफे, केशकर्तनालय, फोटो स्टुडिओ, जत्रेसारखं ल्यूना पार्क. फोटो स्टुडिओत त्यांच्या धक्क्यानं एक पुतळा पडतो. त्याला डोकं नाही हे बघून आपणच ते फोडलं असं त्यांना वाटतं आणि ते एक चेंडू त्याच्या मानेवर बसवतात. पुतळा मुळातच बिनडोक्याचा असतो! ज्या माणसानं सकाळी बायकोला मारायचं ठरवलं होतं, त्याच्यावर आपण संध्याकाळी मनमोकळं हसत असतो. हा मुर्नाऊचा विजय आहे की हातचलाखी, हाच खरा वादाचा मुद्दा.

चेहऱ्यावरचं वाचायचं कसं?

मूकपटातला अभिनय म्हणजे डोळे वटारणं आणि छाती पिटणं, असा आपला समज रील्समधल्या विडंबनांमुळे झालाय. 'वे डाउन ईस्ट'मध्ये तसे प्रसंग आहेतही. स्क्वायर दार उघडून वादळाकडे बोट दाखवतो, ते रंगभूमीवरचं जुनं पोझ. पण त्याच सिनेमात बाळाच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग बघा. लिलियन गिश जवळपास काहीच करत नाही. डोळे कोरडे, हालचाली हळू. ती किंचाळली असती तर आपण सुटलो असतो. ती शांत राहते, म्हणून अंगावर येतं.

'सनराइज'मध्ये जेनेट गेनरचा असाच क्षण कॅफेमधला आहे. नवरा तिच्यासमोर केकची बशी सरकवतो. ती एक तुकडा उचलते, पण घशाखाली उतरत नाही आणि रडू फुटतं. ज्याच्या भीतीनं पळालो त्याच्यासोबतच टेबलावर बसायचं आणि शहरात दुसरं कुणी ओळखीचंही नाही. हे एका केकच्या तुकड्यात येतं, संवादाची गरज पडत नाही.

मुर्नाऊ एकूणच शब्दांच्या विरुद्ध होता. त्याच्या आधीच्या 'द लास्ट लाफ'मध्ये (१९२४) मधल्या पाट्या जवळपास नाहीतच. 'सनराइज'मध्ये पाट्या आहेत, पण थोड्या आणि त्याही अभिनय करतात. बायकोला बुडवण्याची सूचना देणारी पाटी येते, तेव्हा तिची अक्षरंच विरघळत खाली बुडतात. उलट ग्रिफिथच्या पाट्या म्हणजे कीर्तनकाराचं निरूपण. काय वाटून घ्यायचं, हे तो आधीच सांगतो.

आता हिशेब

अ‍ॅनाचा गुन्हा काय? तिनं एका माणसावर विश्वास ठेवला. तिला लग्न खरं वाटलं. बस, एवढाच. त्यासाठी तिची आई गेलेली, बाळ गेलेलं, दोनदा घराबाहेर काढलेलं आणि शेवटी धबधब्याच्या तोंडापर्यंत जाऊन आल्यावर गाव तिला माफ करतं. स्क्वायर क्षमा मागतो, डेव्हिडशी तिचं लग्न होतं. ती मरणाच्या दारात गेली नसती तर? स्क्वायरचं मन वळलं असतं? सिनेमाच सुचवतो, की नाही.

'सनराइज'मधल्या पुरुषाचा गुन्हा काय? त्यानं बायकोच्या खुनाचा बेत केला आणि तिला तळ्याच्या मध्यापर्यंत नेलं. त्याला माफी किती वेळात मिळते? साधारण अर्ध्या दिवसात. चर्चमध्ये परक्या जोडप्याचं लग्न चाललेलं असतं. तिथली वचनं ऐकून तो बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडतो आणि दोघं नव्या नवरा-नवरीसारखे बाहेर पडतात. हा प्रसंग अतिशय सुंदर आहे. भर रहदारीत एकमेकांकडे बघत ते चालतात आणि त्यांच्याभोवतीचा रस्ता विरघळून फुलांचं शेत होतं. मग चुंबन, मग हॉर्न आणि मग ट्रॅफिक जॅम. बघताना मीही विरघळले. पण सिनेमा संपल्यावर आमच्या हॉस्टेलच्या खोलीत जो वाद पेटला तो रात्री दोनपर्यंत चालला. एकीचं म्हणणं, 'हा रेड फ्लॅग नाही, हा अख्खा लाल गालिचा आहे. हिनं त्या ट्राममधून थेट पोलिस स्टेशनला जायला हवं होतं.' दुसरी म्हणाली, 'त्यानं केलं नाही ना! माणूस बदलू शकतो हे मान्यच करायचं नाही का?'

मला वाटतं दोघीही बरोबर आहेत आणि म्हणूनच हे दोन सिनेमे एकत्र बघावेत. एकटा 'सनराइज' बघितला तर तो क्षमेची सुंदर गोष्ट वाटतो. शेजारी 'वे डाउन ईस्ट' ठेवला की दिसतं, ही क्षमा सगळ्यांना एकाच भावानं मिळत नाही. पुरुषाला अश्रूंवर मिळते. बाईला आधी बर्फावर झोपावं लागतं. मूळ जर्मन कथेत नवरा शेवटी बुडतो, म्हणजे तिथे त्याचा हिशेब चुकता होतो. सिनेमानं तोही माफ केला.

आणि उरलेल्यांचं काय? सँडरसनला डेव्हिडच्या माराशिवाय काही सोसावं लागत नाही. शेवटी तो अ‍ॅनाला 'आता खरं लग्न करू' असा प्रस्ताव देतो आणि ती नकार देते. तिचा तो नकार मला या सिनेमातला सगळ्यात आधुनिक क्षण वाटतो. तिकडे 'शहरातली बाई' मात्र पुरुषाच्या हातून गळा दाबून मरता मरता वाचते. बेत दोघांचा होता, पण दोषी एकटी ती. सिनेमा तिला गाडीत बसवून गावाबाहेर पाठवतो आणि विसरून जातो.

ग्रिफिथला हे अजिबात दिसत नव्हतं, असं मात्र नाही. त्याच्या सिनेमाच्या सुरुवातीलाच पाट्या आहेत, की पुरुषांच्या बेइमानीची किंमत बायका मोजतात. जेवणाच्या टेबलावर अ‍ॅना गप्प बसत नाही. जाण्याआधी ती सन्मानाच्या पाहुण्याकडे, सँडरसनकडे बोट दाखवून विचारते, माझी चौकशी केलीत, याची का नाही केली? हा सिनेमा ३ सप्टेंबर १९२० ला झळकला. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी अमेरिकेत बायकांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली होती. त्या प्रेक्षागृहात बसलेल्या बायकांना तो प्रश्न कसा ऐकू आला असेल, याची कल्पना करा. अर्थात ग्रिफिथला संत करायची गरज नाही. याच माणसानं १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' काढून कृष्णवर्णीयांविरुद्ध विष पेरलं होतं. एका अन्यायावर नेमकं बोट ठेवणारा माणूस दुसऱ्या अन्यायाचा प्रचारक असू शकतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

तेरा दिवसांनी

'सनराइज' न्यूयॉर्कमध्ये २३ सप्टेंबर १९२७ ला झळकला. फिल्मवरच मुद्रित केलेलं संगीत आणि ध्वनी त्याच्यासोबत होते, पण संवाद नव्हते. वादळानंतर नवरा बायकोला हाका मारतो, तिथे माणसाच्या आवाजाऐवजी हॉर्न या वाद्याचा स्वर येतो. तो एकदा ऐकाच. बरोबर तेरा दिवसांनी, ६ ऑक्टोबरला 'द जॅझ सिंगर' आला, पडद्यावरची माणसं बोलायला लागली आणि मूकपटांचे दिवस भरले.

मे १९२९ मध्ये पहिलावहिला ऑस्कर सोहळा झाला. जेनेट गेनर सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, 'सनराइज' आणि आणखी दोन सिनेमांसाठी मिळून. चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांना छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. शिवाय 'अनोखी आणि कलात्मक निर्मिती' हा पुरस्कारही 'सनराइज'लाच. हा पुरस्कार पुढे कधीच दिला गेला नाही. एवढं होऊनही खर्चाच्या मानानं कमाई झाली नाही. मुर्नाऊ १९३१ मध्ये कार अपघातात गेला, वय अवघं ४२. ग्रिफिथची सद्दीही बोलपट आल्यावर संपली. लिलियन गिश मात्र १९८७ पर्यंत पडद्यावर काम करत राहिली आणि १९९३ मध्ये, ९९ व्या वर्षी गेली.

बघणार असाल तर

'सनराइज' दीड तासाचा आहे, त्यानं सुरुवात करा. 'वे डाउन ईस्ट' जवळपास अडीच तासांचा. त्यातले गावातल्या गमतीजमतीचे तुकडे आज रेंगाळतात, ते दोन बैठकांत बघितलात तरी हरकत नाही. पण बाप्तिस्म्याचा प्रसंग आणि शेवटचा अर्धा तास सलग बघा. इंटरनेटवर बऱ्याच प्रती आहेत, त्यातली चित्र स्वच्छ असलेली निवडा. काही प्रतींना कुणीतरी भलतंच संगीत चिकटवलेलं असतं. तसं वाटलं तर सरळ दुसरी प्रत शोधा, कारण मघाशी म्हटलं तसं, संगीत बिघडलं तर मेलोड्रामातला 'मेलो'च गेला. फोन उलटा ठेवा. मूकपटात पाच सेकंद मान वळवली तर संवादासारखं मागून ऐकू येत नाही, प्रसंग निघून जातो.

आणि एकट्यानं नको, चार-पाच जणांत बघा. वर्गातली मुलं आणि मुली दोन्ही असू द्या. बघून झाल्यावर एकच प्रश्न टाका, 'तुम्ही तिच्या जागी असता तर ट्राममधून उतरल्यावर काय केलं असतं?' उत्तरं ऐकताना कोण चटकन माफ करतं, कुणाला करतं आणि कुणाला नाही, याकडे लक्ष ठेवा. तुमच्या ग्रुपमध्येही त्या दिवशी बऱ्यापैकी मेलोड्रामा होईल. होऊ द्या.